धूर नसताना वाजलेलं यंत्र

ती घटना मला आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की राग येतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, गडचिरोलीच्या जंगलात दिवसचे दिवस गस्त घातली. त्यातल्या कशाचाच राग आता उरलेला नाही. पण एका निरपराध म्हाताऱ्या बाईला अटक करा म्हणून अख्खं गाव आणि माझेच वरिष्ठ हात धुऊन माझ्या मागे लागले होते, त्या दोन दिवसांचा राग मी पेन्शनीतही जपून ठेवला आहे.

मी मूळचा चिमूर तालुक्यातला. आमच्याकडची माणसं आडमुठी. बेचाळीस साली इंग्रजांनीही त्याचा अनुभव घेतला. पोलीस खात्यात हा गुण फारसा खपत नाही, आणि माझ्या बढत्या उशिरा झाल्या त्याचं एक कारण तेच असावं. असो.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बल्लारपूरच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीतल्या अर्ध्या घरांतला कमावता माणूस कोळशाच्या खाणीवर कामाला जायचा. त्यामुळे चुलीला, शेगडीला कोळसाच. लाकडासाठी जंगलात जा, वनरक्षकाशी हुज्जत घाला, त्यापेक्षा कोळसा बरा असा सगळ्यांचा हिशेब होता.

जानेवारीचे दिवस होते. दुपारी दीडच्या सुमारास एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लवकर या जी. बायतीण मेली. लोकायनं सुईणीले पारावर बसवून ठेवलं आहे. मारून टाकतीन तिले."

बाळंतीण मेल्याची स्टेशन डायरीत नोंद केली. एक जमादार, एक महिला शिपाई आणि माझा रायटर यांना जीपमध्ये घातलं आणि निघालो. पोहोचलो तेव्हा पाराभोवती शंभरेक माणसं होती. मध्ये ती सुईण बसलेली. साठी उलटलेली, काटक बाई. लुगड्याचा पदर फाटलेला, केस सुटलेले. ती रडत नव्हती. कोणाकडे बघतही नव्हती.

"बाई, कुठे लागलं का?" मी विचारलं.

"लागलं नाई जी. पण माही थैली हिसकून घेतली यायनं. ते पयले मांगा. त्यात माही सरकारी पेटी हाये."

ती आरोग्य खात्याचं प्रशिक्षण घेतलेली सुईण होती. नाळ कापायचं सामान त्या पेटीत असायचं. तीस वर्षांत त्या गावातली जवळजवळ सगळी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिला धरून बसलेल्यांपैकीही निम्मे. थैली मिळाली, पण ती मी तिला दिली नाही. तिनं बाळंतिणीला दिलेल्या काढ्यावर गावाचा संशय होता, म्हणून काढ्याच्या भांड्याबरोबर थैलीही मला जप्त करावी लागली. त्या वेळी तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान वळवून रायटरला उगीचच काहीतरी लिहायला सांगितलं.

घडलं होतं ते असं. मेलेली मुलगी बाविसेक वर्षांची, पहिलंच बाळंतपण, मुलगी झालेली, दहावा दिवस. सकाळी सुईणीनं तिला तेल लावून न्हाऊ घातलं, काढा दिला आणि बाजेवर झोपवलं. बाजेखाली शेकायला शेगडी. आमच्याकडे बाळंतिणीला असा शेक देतात, माझ्या आईनंही घेतला होता. मग सुईण तान्ह्या पोरीला घेऊन मालिश करायला अंगणात उन्हात आली. खोलीत सून आणि तिची सासू दोघीच राहिल्या, दार लावून. दोनेक तासांनी पोर दुधासाठी रडायला लागली म्हणून सुईणीनं दार लोटलं. सासू जमिनीवर पडलेली, ओकारी झालेली. सून बाजेवर शांत, ती कायमची. सासूला ओढून बाहेर मोकळ्यावर आणलं तेव्हा ती हळूहळू शुद्धीवर आली.

सासूची जबानी सरळ होती. "तिनं सकाळी काढा देल्ला. माह्या सुनेनं पेला, थोडा मी बी पेला. अना लेकरू घेऊन हे बाहेर निंगाली. तिले मालूम होतं."

गावाला एवढं पुरलं. खरं सांगायचं तर घटकाभर मलाही पुरलं. मूल तेवढं बाहेर आणलं आणि आतल्या दोघी पडल्या, हे कुठल्याही पोलिसाला खटकेल. मी संत नव्हतो. माझ्या डायरीत त्या दिवशी 'सुईणीवर संशय' असे शब्द आहेत, माझ्याच अक्षरात.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहित बाई मेली की मरणोत्तर पंचनामा दंडाधिकाऱ्यासमोर होतो. नायब तहसीलदार आले, पंचनामा झाला, कलम १७४ खाली मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केला आणि प्रेत ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथले डॉक्टर तरुण होते. शवविच्छेदन करून हात पुसत बाहेर आले ते गोंधळलेलेच.

"मारहाण नाही, काही नाही. पण रंग बघितला का? ओठ, नखं, पाठ, सगळं लालसर. मेलेल्या माणसाला इतकी टवटवी नसते."

गावातल्या बायकाही तेच म्हणत होत्या, विषानं तोंड फुललं म्हणून. पण मला तो रंग ओळखीचा वाटला. आधीच्या एका ठाण्याला असताना बंद पडलेल्या जुन्या खाणीत चोरून शिरलेले दोघे आम्ही बाहेर काढले होते. झोपल्यासारखे दिसत होते, गाल लाल. तिथल्या एका म्हाताऱ्या खाणकामगारानं मला सांगितलं होतं, "हे गॅस दिसत नाई, वास येत नाई, खोकला येत नाई. माणसाले झोपवते अना उठूच देत नाई. म्हून आमच्या जुन्या लोकायपाशी पिंजऱ्यात पाखरू राहे. पाखरू पडलं का आपण पळाचं."

डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते पटकन म्हणाले, "कार्बन मोनॉक्साइड. खोलीत शेगडी होती का?"

"होती. पण सगळे शपथेवर सांगतात, धूर अजिबात नव्हता."

"धुराचा काही संबंध नाही, साहेब. कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की तो वायू होतो. निखारा कितीही स्वच्छ लाल दिसो. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि गुंगीत असल्यामुळे माणूस दारापर्यंतही जात नाही."

व्हिसेऱ्याबरोबर रक्ताची वेगळी बाटली सील करून नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचं ठरलं. अहवाल यायला निदान काही आठवडे. आणि गाव दुसऱ्या दिवसाची सकाळही शांत काढणार नव्हतं.

सूर्य मावळायच्या आत सुईणीची सोय करायची होती. बाईला ठाण्यात ठेवता येत नाही, आणि तिच्या घरी सोडली असती तर ती वाचली नसती. शेवटी उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या क्वार्टरमध्ये तिला ठेवलं, बाहेर दोन शिपाई बसवले.

सकाळी ठाण्याच्या फाटकाशी दोन ट्रॅक्टर भरून माणसं. पुढे मेलेल्या मुलीचा मोठा भाऊ. डोळे रडून सुजलेले, आवाज बसलेला. "साहेब, माही बहीण गेली. अना तुम्ही तिच्या मारणारीले चहा पाजून राह्यले."

"तुमची बहीण कशानं गेली ते मी शोधणार आहे," मी म्हणालो. "चुकीच्या माणसाला आत टाकलं तर खरं कारण त्याच घरात बसून राहील. त्या घरात तुमची भाची आहे."

ते त्याच्या कानात शिरलं की नाही, कळलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. उपविभागातून साहेब बोलत होते. "हे बघा, ३०२ लावा, बाईची अटक दाखवा. दोन दिवस आत राहील, लोक थंड होतील. अहवाल आला की सुटेल आपोआप."

"सर, लोक थंड होतील. बाई मात्र जन्मभर खुनी राहील. सुटून आलेल्या सुईणीला कोण दारात उभं करेल?"

"तुम्ही भावनेवर जाऊ नका."

"मग लेखी आदेश पाठवा, सर."

फोन आपटल्याचा आवाज आला. लेखी आदेश कधीच येत नसतो. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

मी उपकेंद्रात गेलो. महिला शिपायासमोर सुईणीची चौकशी सुरू केली. ती ओट्यावर ताठ बसली होती.

"काढ्यात काय घातलं होतं?"

"ओवा, सुंठ, गूय. रोजचाच काढा. मी सोता बी पेली त्यातला. मी काऊन नाई मेली?"

हा प्रश्न काल सगळ्या गावात एकालाही पडला नव्हता. मलाही नाही.

"पोर बाहेर का नेली?"

"मालिशीले. अना खरं सांगू का, साहेब? त्या खोलीत कोयशाची शेगडी आली तवापासून, तीन दिवस, माहं डोकं धरून राह्यलं होतं. आत गेली का धरे, बाहेर आली का उतरे. लेकरू बी आत मलूल पडे, अना उन्हात आणलं का दूध मांगे. म्हून मी बाहेरच बसो."

"कोणाला सांगितलं नाही?"

"सासूले सांगतलं ना! म्हणलं, कोयसा नको, गोवऱ्या घाला. ते म्हणे, गोवरीले धूर राह्यते, कोयशाले धूर नाई. मंग म्हणलं, दार थोडं उघडं ठेवा. ते म्हणे, बायतिणीले वारा लागन. म्या काय करू? घर तिचं, सून तिची." मग ती म्हणाली, "पयल्या दिवशी भितीवर काहीतरी जोरानं वाजे. दुसऱ्या दिवशी ते बी नवतं."

भिंतीवर काय वाजत होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी मात्र उठून उभा राहिलो. आदल्या दिवशी पंचनाम्यात त्या भिंतीवरचा एक रिकामा खिळा आणि त्याच्याभोवतीचा तळहाताएवढा पांढरा चौकोन मी पाहिला होता. पाहिला आणि लिहिला नाही. ही माझी चूक, आणि ती मी कधी लपवली नाही.

पंच घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. खोली नवीन होती. जुन्या घराच्या कुडाच्या भिंतींतून वारा खेळायचा, गोवऱ्यांचा शेक त्यात चालून जायचा. ही खोली विटांची, पक्कं प्लास्टर, एक दार, एक खिडकी, आणि फटींमध्ये गोणपाटाच्या चिंध्या ठासलेल्या. बाळंतिणीसाठी त्या माणसांनी जिवापाड मेहनत करून खोली ऊबदार केली होती. शेगडी लोखंडी बादलीची. ती अंगणात पेटवायची, धूर निघून निखारा लाल झाला की मगच आत न्यायची. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा त्या अख्ख्या पट्ट्याचा समज. मी स्वतः त्या पट्ट्यात चार हिवाळे तशीच शेगडी घरात घेतली होती. दाराला फट होती म्हणून आज हे लिहितो आहे.

"या खिळ्याला काय होतं?" मी सासूला विचारलं.

"देवाचा फोटू."

मेलेल्या मुलीचा नवरा ओसरीवर गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याला तेच विचारलं. त्यानं मान वर केली. "दादानं आणलेलं यंत्र हाये ना तिथी." उठून तो खोलीत आला. खिळ्याकडे पाहिलं. मग आईकडे वळला. "माय, यंत्र कुठी हाये?"

तो आणखी एकदाच म्हणाला, "माय." तिनं बोटानं धानाच्या कणगीकडे दाखवलं.

कणगीत हात घातला तर धानाखाली एक खोका, आत पांढरं, तळहाताएवढं यंत्र आणि घडी केलेला इंग्रजी कागद. मागचं झाकण उघडलं तर तीन पेन्सिल सेलची जागा, तिन्ही रिकाम्या.

या नवऱ्याचा मोठा भाऊ परदेशात कुठल्याशा थंड मुलखात हॉटेलात स्वयंपाकी होता. दिवाळीत आला तेव्हा हे घेऊन आला. तिकडे घरोघरी असतं, शेगडी जाळता ना, लावून ठेवा, एवढंच सांगून परत गेला. घरच्यांनी आपापल्या अकलेनं अर्थ लावला: शेगडी म्हणजे धूर, तेव्हा हे धुराचं यंत्र. त्यांनी त्याच्याखाली अगरबत्ती धरली. वाजलं नाही. कडुनिंबाचा पाला जाळला. नाही वाजलं. आणि बाळंतिणीच्या खोलीत धूर नसलेली शेगडी आली त्या दिवशी मात्र ते किंचाळायला लागलं. धूर असला की गप्प, धूर नसला की बोंब. बिघडलेलं आहे, असा सगळ्यांनी निकाल दिला.

"सेल कुठे आहेत?" मी विचारलं.

"मालूम नाई."

मी इकडेतिकडे पाहिलं. ओसरीवर भिंतीचं घड्याळ टिकटिक करत होतं. माझा एक पंच, शेजारचाच माणूस, सहज म्हणाला, "हे कधी सुरू झालं? होळीपासून बंद होतं." घड्याळ उतरवलं. मागे एक सेल, त्यावर परदेशी अक्षरं. सासऱ्याचा रेडिओ कोनाड्यात होता, त्यात तसेच दोन. तीन सेल तीन पाकिटांत घालून सील केले नाहीत, तोच सासू मटकन खाली बसली.

"वाजे म्हून काढले, साहेब. लेकरू दचके. मले काय मालूम? मी बी तं त्याच खोलीत झोपून होती."

"मग सुईणीचं नाव का घेतलं?"

तिनं लुगड्याचा काठ चिमटीत धरला. "शुद्धीवर आली तं सारे तिचंच नाव घेऊन राह्यले होते. मी हो म्हणलं. मंग यंत्राची आठवण झाली, अना भेव लागलं."

मी खूप जबाब लिहून घेतले आहेत. 'सारे तिचंच नाव घेत होते, मी हो म्हटलं' यापेक्षा खरं वाक्य मला कोणी सांगितलेलं नाही.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. तोवर मेलेल्या मुलीचा भाऊ माणसं घेऊन अंगणात आला होता. तो म्हणाला, "मशीन बिघडलेलीच होती. धूर नसताना वाजते ते कायची मशीन? तुम्ही सुईणीले वाचवून राह्यले."

मी ओसरीवर बसून तो इंग्रजी कागद वाचला. दोनदा वाचला, बोट ठेवून. धुराशी या यंत्राचा संबंध नाही, ते फक्त त्या न दिसणाऱ्या वायूवर वाजतं, हे पहिल्याच परिच्छेदात होतं. चार वेळा वाजून थांबलं, पुन्हा चार वेळा वाजलं, की वायू आहे. तेव्हा सगळ्यांनी बाहेर पडायचं, माणसं मोजायची, हवा खेळल्याशिवाय आत जायचं नाही. मिनिटाला एकदाच चिरकलं की सेल संपत आले. निजायच्या खोलीत लावायचं, शेगडीच्या अगदी डोक्यावर नाही, पडद्यामागे किंवा कपाटात नाही. आणि महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासायचा. शाळेतलं पोरही पाळू शकेल इतक्या साध्या गोष्टी. पण त्या ज्या भाषेत होत्या, ती त्या घरात कोणाला येत नव्हती.

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, "आत्ता, सगळ्यांच्या देखत तपासू."

पंचांसमोर पाकिटांची सीलं तोडून तिन्ही सेल यंत्रात घातले. हिरवा दिवा लुकलुकला. आधी अगरबत्ती पेटवून खाली धरली. यंत्र गप्प. माणसं हसली. भाऊ म्हणाला, "पाहा."

"आता शेगडी तुम्हीच पेटवा," मी त्याला म्हणालो. "मी हात लावत नाही. तुमच्या घरी पेटवता तशीच."

त्यानं शेगडी पेटवली, कोळसा लाल होईपर्यंत थांबला. धूर पूर्ण गेला तेव्हा स्वतःच उचलून आत बाजेखाली ठेवली. यंत्र खिळ्याला टांगलं. सगळे बाहेर आले, दार लावलं, फटींत चिंध्या ठासल्या. जमादार घड्याळ धरून उभा राहिला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. काही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब बह्याड झाले, डोकं गेलं त्यायचं." खोटं कशाला सांगू, मलाही शंका यायला लागली होती. सेल अर्धे उतरले असतील तर? कणगीतल्या धुळीनं यंत्र मेलं असेल तर? ते वाजलं नसतं तर त्या बाईला वाचवायला माझ्याकडे नुसता आडमुठेपणा उरला असता, आणि आडमुठेपणा पंचनाम्यात लिहिता येत नाही.

पंधरावं मिनिट संपत आलं आणि दारामागून आवाज आला. चार वेळा. थांबला. पुन्हा चार वेळा. इतका कर्कश की झाडावरचे कावळे उठले. सासूनं दोन्ही कानांवर हात दाबले. अंगणातलं एक माणूस हललं नाही.

भाऊ दाराकडे धावला. दार उघडून तो आत शिरणार तोच मी त्याचा दंड धरला. "आत नाही. दार उघडं राहू द्या, इथूनच बघा."

त्यानं उंबऱ्यामागून पाहिलं. खोलीत लख्ख ऊन आलं होतं. बाज, लाल निखारे, स्वच्छ हवा, धुराची रेघसुद्धा नाही. यंत्र ओरडतच होतं.

"आत तं काहीच नाई, साहेब," तो म्हणाला.

"हेच होतं त्या दिवशी," मी म्हणालो.

तो तिथेच उंबऱ्याबाहेर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्या यंत्रानं त्याच्या बहिणीला हाका मारल्या होत्या आणि घरानं यंत्राची जीभ काढून घड्याळात बसवली होती.

संध्याकाळच्या आत ट्रॅक्टर परत गेले. भाऊ नर्सबाईंच्या क्वार्टरवर जाऊन सुईणीच्या पाया पडला. ती म्हणाली, "पाया नको पडू. माही थैली आणून दे." ती माझ्याकडे मुद्देमालात होती.

काही आठवड्यांनी नागपूरचा अहवाल आला. काढ्यात विष नाही, थैलीत विष नाही, रक्तात तोच वायू. मर्ग अपघाती मृत्यू म्हणून बंद झाला. सासूवर निष्काळजीपणाचं कलम का लावलं नाही, असं मला काही जण अजून विचारतात. ज्या खोलीत ती सुनेला झोपवत होती त्याच खोलीत ती स्वतः झोपत होती. ज्यांना वाटतं ते खुशाल म्हणोत मी चुकलो.

खरी लढाई पुढेच होती. थैली न्यायला सुईण ठाण्यात आली तेव्हा तिनं बसायलाही नकार दिला. "साहेब, कोणी बलावत नाई मले. म्हणतात, मशीन वाजली ते खरं, पण कायी तरी असनच. तुम्ही मले लिहून द्या का म्या मारलं नाई."

असा दाखला द्यायची कायद्यात तरतूद नाही. जिच्यावर गुन्हाच नोंदवला नाही तिला निर्दोष ठरवणार कसं? रायटरनं मला ते हळूच सांगितलंही. मी ठाण्याचा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: या बाईचा या मृत्यूशी काहीही संबंध नाही, तिनं कोळशाबद्दल वेळीच सांगितलं होतं, ते ऐकलं असतं तर मुलगी वाचली असती. खाली सही, खाली शिक्का. आठवड्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली: कोणत्या अधिकारात दाखला दिला? मी उत्तर लिहिलं, मजकूर खरा आहे म्हणून दिला. माझ्या सेवापुस्तकात त्याबद्दल ताकीद नोंदली गेली. तिथे ती अजून आहे. कोणी खोडतो म्हटलं तरी मी खोडू देणार नाही.

मुद्देमाल परत करायचा आदेश झाला तेव्हा नवऱ्यानं यंत्र घरी नेलं नाही. त्यानं ते सुईणीला दिलं. महिला शिपायानं तिला सगळं समजावलं, बटण, दिवा, चारदा वाजणं, एकदा चिरकणं. त्यानंतर तिनं स्वतःचा नियम केला. बोलावणं आलं की आधी खोलीत यंत्र टांगायचं, कोळसा बाहेर, खिडकी बोटभर उघडी. नको म्हटलं तर ती थैली उचलून चालू लागायची. सुरुवातीला दोन घरांनी तिला परत पाठवलं. तिसऱ्या घरात तिची पाठ वळताच कोणीतरी शेगडी आत नेली, यंत्र वाजलं, आणि बाळ-बाळंतीण दोघंही अंगणात उन्हात बसलेली गावानं पाहिली. मग कोणी परत पाठवलं नाही.

मी निवृत्त व्हायच्या बेतात असताना ती मला शोधत चंद्रपूरला आली. थैलीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "सेल बदलले तरी एकएकदा चिरकून राह्यलं." मी कागद पुन्हा वाचला. यंत्राचं आयुष्य संपलं होतं. आतला वायू ओळखणारा भाग काही वर्षांनी निकामी होतो, मग सेल कितीही बदला.

"मंग नवं मांगवा," ती म्हणाली. "अना तुमच्या घरी कुठी हाये?"

माझ्या घरी नव्हतं. त्या दोन दिवसांत जिच्यासाठी मी सगळ्यांना शिंगावर घेतलं, तिच्यापुढे मला मान खाली घालावी लागली. बाथरूममध्ये तोच वायू सोडू शकणारा गॅसचा गिझर, हिवाळ्यात खिडक्या बंद, आणि ठाणेदाराच्या घरी रिकामी भिंत.

दोन यंत्रं मागवली, एक तिचं, एक माझं. जाताना मी तिला विचारलं, तो दाखला आहे का अजून?

"पेटीत हाये. आता कोणी मांगत नाई. त्यायले मालूम हाये."

पोलिसाला सवय असते दिसणाऱ्या गोष्टींवर विसंबायची: रक्त, ठसे, पळणारा माणूस. या प्रकरणानं मला शिकवलं की गर्दी ज्याच्याकडे बोट दाखवते तिकडे न बघता आधी भिंतीवरचा रिकामा खिळा बघावा. त्यासाठी वरिष्ठांचा, गावाचा, घरच्यांचा रोष आला तर घ्यावा.

माझं यंत्र निजायच्या खोलीत आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मी त्याचं बटण दाबतो. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. बायको कानांवर हात ठेवते. शेजारचे निवृत्त हेडमास्तर खिडकीतून डोकं काढून म्हणतात, "ठाणेदारसाहेब, काय ही कटकट? इथी कोण मरून राह्यलं आहे?"

मी बटण आणखी थोडा वेळ दाबून धरतो.